हरणीची उडी

अंगणाभोवतीच्या जाळीला बांधलेलं पोतं सगुणानं विळ्यानं टराटरा फाडलं. "जा हरणी, आज तुला कुणी अडवत न्हाई."

कारवानी कुत्रं वासावर नाही, नजरेवर धावतं. शिकार दिसली की पुरुषभर उंचीची जाळीही त्याला अडवत नाही. म्हणून सगुणानं जाळीला चहूकडून पोती बांधून हरणीला अंगणात ठेवलं होतं. शेजारच्या माणिकला हे पक्कं ठाऊक. त्यानं मुद्दाम एक पोतं काढलं, समोर आपला कोंबडा सोडला आणि हरणी उडी मारून येताच "माझ्या कोंबड्या खाते काय!" म्हणत दांडक्यानं तिला झोडपून काढलं. महिनाभर सगुणानं तिच्या पायाला हळदीचा लेप लावला, तिला पुन्हा पळती केली आणि दातओठ खात या सकाळची वाट पाहिली.

तोच कोंबडा पलीकडं दाणे टिपत होता. हरणीनं कान टवकारले, तिचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं.

तेवढ्यात माणिक दारात आला.

त्याला पाहताच हरणीनं शेपूट पायांत घातलं आणि ती सरपटत सगुणाच्या लुगड्यामागं दडली. माणिक खदखदून हसला. "सगुणे, आता पोती कशाला लावतीस? मी उभा राहिलो तरी बास!"

सगुणानं थरथरत्या कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पदर खोचला, भिंतीला टेकवलेलं दांडकं उचललं आणि जाळीवर पाय रोवला.

"ती भ्याली रं माणक्या. मी न्हाई."