पान उलटण्यापुरतं

"काका, पुन्हा थांबलात! इथे कुणाची वाट बघता हो?" पियानो शिकवणारी मुलगी हसली. "अशाने ग्रेड थ्रीची परीक्षा निघायची नाही."

मी ओशाळलो. परीक्षेसाठी घेतलेली रचना आजच्या काळातली, संथ, गाण्यासारखी. सत्तरीतली माझी बोटंही ती कशीबशी वाजवतात. पण बरोबर मध्यावर हात उचलला जातो.

हीच रचना वरच्या मजल्यावरच्या लॉर्नाबाई रोज संध्याकाळी वाजवायच्या. बारा वर्षं मी खाली पुस्तक उघडं ठेवून नुसता ऐकत बसलो. मध्यावर त्या पान उलटायला थांबत. माझ्या स्वरलिपीच्या पुस्तकात मात्र या रचनेची दोन्ही पानं समोरासमोर आहेत. उलटायचं काही नाहीच.

त्या कायमच्या गोव्याला भाचीकडे निघाल्या, तेव्हाही जिन्यात मी फक्त मान हलवली. पत्र लिहायला काही निमित्त तरी हवं. परीक्षा पास झालो की कळवू, असं मनाशी ठरवलं होतं.

परीक्षकांसमोरही मी तिथे थांबलो. दोन गुणांनी नापास झालो.

निकालाच्या संध्याकाळी तरीही कागद घेतला. पहिलं वाक्य न खोडता उतरलं: 'लॉर्नाबाई, तुम्ही पान उलटायला थांबायचात ना, तिथेच मी नापास झालो.'