मिस्त्रीची हत्यारं

बळीरामने थोरल्या भावाची हत्यारं ओसरीच्या कडेला गोणपाटावर मांडून ठेवली होती. देवरावला आत यायची गरज पडू नये, अशी.

उकंडा मिस्त्रीला जाऊन तीन महिने झाले होते. अख्ख्या कळंबात तसा सुतार नव्हता. घरात आता हत्यार धरणारं कोणी उरलं नाही, असं बळीराम येईल त्याला सांगत होता.

"पाहून घे," तो म्हणाला. "रंधा घे, पटाशा घे. पण बनवून काय राह्यला तू?"

"गिटार. बिजलीवरची."

देवराव वायरमन होता आणि गायन पार्टीत पेटी वाजवायचा. नागपूरच्या एका कार्यक्रमात त्याने ती गिटार ऐकली होती. वाजवणाऱ्याच्या विनवण्या करून तिचा आकार वर्तमानपत्रावर उतरवून आणला, त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला. जुन्या टेलिफोनातलं लोहचुंबक काढून त्यावर पंख्याची बारीक तार गुंडाळली. तेवढं जमलं. अडलं ते लाकडापाशी. आणि धम्मचक्र दिनाला गिटार वाजणार, असं तो पार्टीला सांगून बसला होता. बावीस दिवस राहिले होते.

त्याने एक रुंद, चकचकीत पटाशी उचलली.

"ते नोको घेऊ. त्या पोलादाले पाणी नाही."

दारात मिस्त्रीची बायको तुळसाबाई उभी होती, कपाळापर्यंत पदर ओढलेला.

"वयनी, तुमी आत जा," बळीराम म्हणाला.

ती आत गेली नाही. गोणपाटाजवळ बसली आणि मूठ झिजलेली एक अरुंद पटाशी तिने देवरावपुढे सरकवली. "हे घे. दिसाले भंगार हाये, पण धार धरून ठेवते." मग देवरावने आणलेला फर्मा हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "पुठ्ठा नाही चालत. दोन खेपा पेन्सिल फिरली का कोपरे झिजतात. पत्र्याचा कर. आन् ह्या आडव्या रेघा एका बाजूनं जवळ जवळ काहून आल्या?"

"सूर तसेच बसतात, मावशी. मोजून काढल्या."

"मोजल्या तं ठीक हाये. दांडी आणली?"

देवरावने टॉवेलात गुंडाळलेली गिटारची दांडी काढून दिली. घरची विळी आणि करवतीच्या पात्याचा तुकडा, एवढ्यावर दीड महिना खपून ती त्याने कोरली होती. तुळसाबाईने एक डोळा मिटून ती लांबवर न्याहाळली. वरच्या टोकाजवळ थांबली, तिथे नख दाबून पाहिलं. मग दांडीचं एक टोक पायरीवर टेकवलं, मधोमध टाच रोवली आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी वर ओढलं.

कडाड आवाज झाला.

 एकदा खांबावर चालू तारेला हात लागला होता, तेव्हासारखे देवरावचे कान गच्च झाले. खाली बसून त्याने दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांना लावून पाहिले.

"वयनी! येड लागलं का तुमाले?" बळीराम ओरडला.

"आत गाठ हाये. पाह्य, तुटली तथीच." तिचा आवाज चढला नव्हता. "आता मी मोडली. सहा तारा ओढल्यावर भर सभेत मोडली असती."

"दीड महिना..." देवराव म्हणाला.

"दिसते ना. हात चांगला हाये तुहा. लाकूड वाईट घेतलं."

देवराव भडकला. "तुमाले काय समजते त्यातलं? मिस्त्री असते तं..."

"मिस्त्रीचे हात सात वर्सांपासून कापत होते," ती म्हणाली. "खिळा धरता येत नोता त्याईले. तुही पेटी कवाची हाये?"

"बासष्टची. पाच साल झाले."

"तिचं झाकण बसवताना हे झालं." तिने डावा अंगठा पुढे केला. नख मधोमध दुभंगलं होतं.

देवराव त्या अंगठ्याकडे बघत राहिला. पेटी मिस्त्रीकडूनच घडवून घेतलेली; तिच्यावर त्याने पांढऱ्या रंगाने 'उकंडा मिस्त्री, कळंब' लिहून घेतलं होतं. गावोगावी गाणं सुरू करण्याआधी तो ते नाव स्टेजवरून सांगायचा. मिस्त्री दार लावून काम करतो, कसब कोणाला दाखवत नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे. तोही म्हणायचा.

खोटं आहे, असं बळीराम आता म्हणेल म्हणून त्याने मान वर केली. बळीराम गोणपाटाकडे बघत होता.

"हे लोकाइले सांगाचं नसते, वयनी," तो हळू आवाजात म्हणाला. "दादाचं नाव..."

"नाव राहू द्या त्याईचं. मी कुठी मांगून राह्यली? पण हत्यारं इकाले काढली, भाऊजी, आन् मले इचारलं बी नाही."

 देवरावने ती अरुंद पटाशी होती तिथे ठेवून दिली. बाकीची हत्यारं एकेक करून तिच्याकडे सरकवली.

"मले इकत नाही पायजे," तो म्हणाला. "मले शिकवा."

 तुळसाबाईने उठून ओसरीच्या भिंतीला उभी असलेली सागाची फळी आडवी केली.

"वीस साल वाळली हाये हे. दुसरं टोक धर. रंध्याचा ठोकळा आत हाये."

देवराव जागचा हलला नाही. या घराचा उंबरा त्याच्या वस्तीतल्या कोणी ओलांडला नव्हता. दारात बळीराम येऊन उभा राहिला होता.

"धर ना. एकटीनं उचलते का?"

त्याने टोक धरलं. तुळसाबाई पुढे, तो मागे. फळी चांगली लांब होती. बळीरामला दारातून बाजूला व्हावंच लागलं.

आत अंधारं होतं, लाकडाचा वास होता. फळी ठोकळ्यावर ठेवून तिने वर फर्मा मांडला, बाजूची पेन्सिल उचलून कडेने एक रेघ ओढली आणि पदर मागे ढकलून पेन्सिल कानामागे खोचली. तिथल्या केसांत पेन्सिलीची जागा जुनीच होती.