प्रोसेसरचं विरजण

केतकीने तिसऱ्यांदा वाडग्यावरचं झाकण उचललं, तशी तिची सासू तानूबाई कडाडली. "अगं भवाने, लागाय ठेवलेला प्रोसेसर सारखा हलवत्यात व्हय? असं दही तरी लागंल का?"

"आत्या, तापमान बघतेय. नव्या प्रोसेसरबद्दल माझं मत ऐकायला माझ्या चॅनेलवर हजारो लोक थांबलेत."

"थांबू देत. त्यांच्या काय चुली इझल्यात?"

कोमट, दुधाळ पाण्यात नवा प्रोसेसर हळूहळू धरत होता. कंपनीने सोबत स्वतःचं विरजण दिलं होतं. ते घातलं की वेग दुप्पट, अशी बातमी होती. तानूबाईने ते फेकून दिलं आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरमधलं उरलंसुरलं चमचाभर विरजण घातलं. तिला लिहिता येत नव्हतं. वीस वर्षं ती त्या कॉम्प्युटरशी बोलत आली होती, आणि तिची बोली त्या एकालाच कळत होती. हे विरजण लागलं नाही, तर तिचं बोलणं कुठल्याच यंत्राला कळणार नव्हतं.

दुपार कलली. पाण्यावर निळसर साय आली. सायीखाली उजेड असा सरकत होता, जसे स्वप्नात कुणाचे डोळे पापण्यांआड फिरावेत. केतकीला राहवेना. तिने पुन्हा झाकण उचललं.

आतून बारीक, झोपाळू आवाज आला, "ठीव की गं झाकण, भवाने. गार वारं लागतंया."

केतकी हातात झाकण घेऊन तशीच उभी राहिली.

तानूबाईने पदर डोळ्यांना लावला. "लागलं," ती म्हणाली. "आता तरी ठीव."