उजवा डोळा

मेव्हणी शालूचं पत्र दिवाळीनंतर आलं होतं: “भाऊजी, लग्नात ताईचे डोळे पिवळे दिसले. डॉक्टरांना दाखवा.” मी हिला खिडकीपाशी बसवून निरखून पाहिलं. मला पिवळं काहीच दिसलं नाही. लग्नातल्या हळदीमुळे शालूची गल्लत झाली असावी. तसं कळवायचा संकोच वाटला, उत्तर राहिलंच. गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर घरी ही चहा घेऊन आली आणि मी बघतच राहिलो. “अहो, बायको पहिल्यांदाच बघताय का?” मी उजवा डोळा झाकला. डाव्याला भिंत, कप, तिचे डोळे सगळं एकाच रंगाचं. हात काढला. भिंत पांढरी, कप पांढरा, तिचे डोळे पिवळे. “फार उशीर केलात,” हिला तपासून डॉक्टर म्हणाले. काल नारायण पेठेतल्या टपालपेटीत उत्तर टाकलं: “शालू, तुला बरोबर दिसलं होतं. ताईला भेटायला ये.”