कपाटातल्या रेघा

"घरभर नवा रंग आणि कपाट तेवढं विटकं? पुरे झाले तुझे लाड," काका काकूंवर करवादले.

भिंतीतल्या त्या जुन्या कपाटाचं दार जरा वर उचलल्याशिवाय उघडत नसे. रंगाऱ्याने ते उचलून उघडलं आणि पॉलिश पेपर काढला. तोच काकू आडव्या आल्या.

"आतून हात लावायचा नाही! माझ्या लेकाची उंची आहे तिथे."

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या, प्रत्येकीशेजारी वय. तीनपासून नऊपर्यंत. सातापाशी दोन रेघा, त्यातली वरची खोडलेली.

"इथे काय झालं होतं?" रंगाऱ्याने विचारलं.

"टाचा उचलून उभा राहिला होता लबाड. पकडला मी."

रंगाऱ्याला हसू आलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आईला कळतं बाबा."

"आणि नऊनंतर?"

"नंतर वसतिगृहात गेला. आता परदेशात असतो. कामाच्या रगाड्यात फोन करायलाही सवड नाही बिचाऱ्याला."

काका खाकरले. "उद्या पाहुणे येतील, नाही नाही त्या चौकशा करतील. पुसून टाका हो ते."

"आधी मला घराबाहेर काढा, मग पुसा!" काकूंचा आवाज चढला आणि त्या दोन्ही हातांनी दार घट्ट धरून उभ्या राहिल्या. रंगाऱ्याचा जीव कळवळला.

त्याने लाकडावर दोनदा टकटक केलं. "काका, इतक्या जुन्या सागवानावर रंग टिकत नाही. महिनाभरात पोपडे धरतील आणि शिव्या मी खाईन. आतून आहे तसंच राहू द्या."

ही शुद्ध थाप होती. काकांनाही ती कळली असावी, पण त्यांनी ताणलं नाही. काकू चहा टाकायला गेल्या तेव्हा काकांनी रंगाऱ्याचा हात घट्ट दाबला आणि ते बाहेर जाऊन बसले.

दुपारी तो जिन्यावर डबा उघडतोय, तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोचलास का रे आपल्या जुन्या घरात? कपाट आहे का ते? दर वाढदिवसाला तुला उभं करायचे तिथे. नऊ वर्षांचा होतास आपण घर विकलं तेव्हा. तुझ्या रेघा असतील बघ दारावर. फोटो तरी पाठव."

रंगाऱ्याने आत पाहिलं. काकू कोरड्या फडक्याने दार पुसत होत्या, एकेका रेघेला जपत.

"नाही गं आई," तो म्हणाला, "कधीच पुसल्यात त्यांनी."