समाधीतलं हाड

देशातल्या प्रत्येकाचा डीएनए नोंदवायचा म्हणून सरकारी माणसं किल्लारीत दारोदार फिरत होती. वर्षाराणीने नमुना दिला. त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेले बहुतेक सगळे एकत्र सरणावर जळाले होते. तिच्या आईला मात्र वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, लिंगायत रीतीने शेतात पुरलं होतं.

“अप्पा, समाधीतलं एखादं हाड देऊ. आईचीही नोंद राहील.”

“न्हाई.”

“का ओ?”

“तुझी आई आधीच सरणावर गेली होती, बाई. मी परगावाहून आलो तर तू एवढीशी पोर दुसऱ्याच बाईला आई म्हणून बिलगलेली. तिचं तोंड वळखू येत नव्हतं. तू सोडंनास, म्हणून तिलाच पुरलं.”

शेजारच्या ओट्यावर रुद्रेश सरकारी माणसाला विचारत होता, “भूकंपात आमच्या आईचं काहीच हाती लागलं न्हाई. आता तरी सापडंल का ओ, साहेब?”