परत पाठवलेलं तूप

धाकट्या बहिणीच्या, वत्सूच्या, पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. "दादा, मी कढवलेलं तूप परत पाठवलंस? इतका कसला राग? मग भाऊबीजेलाही येऊ नकोस."

राग नव्हता. गरम भातावरही ते तूप मेणासारखं लागत होतं.

"काका, दारूची मजा आणि तुपाची गोडी मेंदूत एकाच वाटेने येतात," डॉक्टर म्हणाले. "दारू सुटावी म्हणून दिलेल्या गोळीने ती वाटच अडवलीय."

पण मी पितो हेच वत्सूला ठाऊक नव्हतं. मुलांना ती माझं उदाहरण द्यायची.

आज लिहिलं, "वत्सू, राग नाही. मी दारू सोडतोय. त्या गोळीने तुझ्या तुपाची चवही गेली. बोलावलंस तर येईन."

पाकीट टपालपेटीत टाकलं. आता लाज वाटेल, म्हणून तिची वाट पाहत तिथेच थांबलो. काहीच वाटलं नाही. गोळीने तीही वाट अडवली होती की काय, कोण जाणे.